चांदीचं मांजर

उदगीरच्या बाहेर, देगलूर रस्त्याला, प्राण्यांचा एक आश्रम आहे. पत्र्याच्या चार खोल्या आणि पुढं कडुलिंब. तिथं कावेरीबाई दिवसातून तीन वेळा एका मांजरीला मुतवते. ऐकायला घाण वाटत असेल, तर वाटो. ठकी नावाच्या त्या मांजरीचा कणा मोडलाय, मागचं अर्धं अंग लुळं पडलंय, आणि तिला आपली आपण लघवी होत नाही. पोट चाचपावं लागतं. लिंबाएवढा फुगा बोटाला लागला की तो हळूहळू मागं दाबत न्यावा लागतो. जोर जास्त झाला तर फुटायचा, कमी पडला तर विष आतच राहायचं. एक दिवस चुकला की ठकी संपली.

कावेरीबाईच्या बोटांना ते जमलं. वीस वर्षं तिनं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, धान्य निवडलं होतं, तुरीतला खडा तिला न बघता कळायचा. आश्रमातला दुसरा गडी मलप्पा आठ गाई आणि बावीस कुत्री सांभाळायचा, पण ठकीच्या पोटाला हात लावला की त्याला घाम फुटायचा. डोकं धरायला तेवढा चालायचा. म्हणून तर कावेरीबाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढं गेलं. आता मंगळवारची तारीख होती. लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, या खेपेला आली नाहीस तर डोळा गेला म्हणून समज, आणि नंतर आठ दिवस वाकायचं नाही. आठ दिवस ठकीला कोण मुतवणार, या एका प्रश्नानं ती हैराण झाली होती.

सोमवारी सकाळी गुरुबसप्पा आले. मोंढ्यातले आडते, पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला विभूती. तीन महिन्यांपूर्वी ठकीला टोपलीत घालून त्यांनीच आणलं होतं. रस्त्यावर गाडीनं उडवलं, म्हणाले होते. तेव्हापासून दर सोमवारी देवळातून थेट इथं यायचे आणि दारातूनच विचारायचे, "हाय का?"

"हाय की अप्पा," कावेरीबाई सांगायची. ते सुस्कारा टाकायचे. एवढा मोठा माणूस, पण मुक्या जिवाची किती काळजी, असं ती चारचौघांत सांगत सुटायची. त्यांच्यासाठी कमी साखरेचा चहा वेगळा करायची. वेडी कुठली!

या सोमवारी त्यांनी खिशातून डबी काढली. आत अंगठ्याएवढं चांदीचं मांजर. सोनारानं मिशासुद्धा कोरल्या होत्या.

"हे इथल्या देवापाशी ठिवा," ते म्हणाले. "ठकीचं काही बरंवाईट झालं तर ह्याच्यावर भागलं म्हणायचं."

मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे कावेरीबाईनं आईच्या मांडीवर ऐकलं होतं. तिनं डबीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"पर अप्पा, गाडीनं उडवलेल्या मांजराचं पाप तुम्हाला का लागलं?"

गुरुबसप्पांनी डबीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

"एकच काठी मारली बाई. गोदामात पोत्यावर येऊन व्याली होती. निवडलेली तूर सगळी नासवली."

"आन् पिल्लं?"

"हमालानं नेऊन सोडली कुटंतरी. मी न्हाई मारली."

कावेरीबाईच्या डोळ्यांपुढं ते पहिले दिवस आले. ठकीचे सड दुधानं दगडासारखे झाले होते, ती कोमट फडक्यानं शेकत होती, आणि ठकी पुढच्या दोन पायांवर अंग ओढत दाराकडं जाऊन ओरडत होती. हा माणूस तेव्हा शेजारी उभा राहून चहा पीत होता. कमी साखरेचा! तिची तळपायाची आग मस्तकाला गेली.

"म्हंजे सोमवारच्या सोमवारी तुम्ही हिचा जीव इचारत नव्हताव. तुमचं पाप इचारून जात होताव!"

"माझ्या हातानं मरू नये, एवढंच बाई. इथं मेली तर माझ्या माथी न्हाई."

"चांदीच्या मांजराला मुतवावं लागत न्हाई, न्हाई का अप्पा? लई सोपं!"

तिनं मलप्पाला हाक मारली, ठकीचं डोकं धरायला लावलं, डबी काढून बाजूला ठेवली आणि आडत्याचे दोन्ही हात मनगटाला धरून मांजरीवर ठेवले. ठकीनं कान पाडले, ती फिसकारली. गुरुबसप्पांचं बोट पाठीवरून सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. तिथं हाड वाकडं जुळलं होतं, गाठ हाताला लागत होती.

"हाव. तिथंच," कावेरीबाई म्हणाली. "आता खाली या. पोटाकडं."

त्यांना काही जमेना. ठकीची नखं लागून मनगटावर रक्त आलं. कावेरीबाईनं त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवून दाबायला शिकवलं, तेव्हा कुठं धार लागली. धोतर भिजलं. तिला त्यांची जराही दया आली नाही.

"उद्यापासून आठ दिवस. सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी आठ. मी डोळा करायला लातूरला चाललेव."

"दुकानातला माणूस पाठवतो की."

"काठी मारायला माणूस पाठवला होताव का? तुम्हीच यायचं. न्हाई आलाव तर परवापातूर मरंल, आन् ते मरण हितलं न्हाई. तुमच्या हातचं."

चांदीचं मांजर तिनं उचलून त्यांच्या खिशात परत घातलं.

मंगळवारी ती पिशवी घेऊन निघाली, तेव्हा सातला पाच कमी होते आणि गुरुबसप्पा फाटकात उभे होते. जुनं धोतर नेसून आले होते, बाह्या वर केलेल्या. त्यांनी पोट चाचपलं, फुगा शोधला.

"हळू! पोतं न्हाई ते," ती खेकसली.

या वेळी तिचा हात न लागता धार आली. त्यांनी ठकीला फडक्यानं पुसलं, मान वर केली आणि लहान पोरासारखं विचारलं, "असं केल्यानं फिटंल का बाई पाप?"

कावेरीबाईनं पिशवी खांद्याला लावली.

"ते मला काय म्हाईत? दुपारी दोनला या."