मी सांगितलं होतं

घरात एखाद्याच्या नावावर एकदा 'विसरभोळी' असा शिक्का बसला, की बाकीच्यांची फार सोय होते. दूध उतू गेलं, नळ वाहता राहिला, कुणाचा निरोप कुणाला पोचला नाही, काहीही होवो, खापर फोडायला डोकं तयार असतं. या घरात ते डोकं धाकट्या सुनेचं होतं.

घराच्या खालच्या मजल्यावर पडदे शिवायचा कारखाना होता. कारखाना हे आपलं म्हणायचं. एक लांबलचक टेबल, भिंतीला लागून मशिनी आणि सगळीकडे उडणारी सुताची लव. सासूबाई दाराजवळ खुर्ची टाकून पडद्यांना रिंगा टाचत बसायच्या आणि कान उघडे ठेवायच्या. मोठी सून मापं आणायची, ऑर्डरी घ्यायची, गिऱ्हाइकांशी गोड बोलायची. धाकटी कापड बेतायची. दोघींचे नवरे पडदे पोचवायचे, टांगायचे आणि घरात भांडण झालं की मुके व्हायचे.

आता खोटं कशाला बोला, धाकटी विसरायची हे खरंच होतं. ती एकदा दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून बँकेत जाऊन आली होती. किल्ल्या फ्रिजमध्ये सापडायच्या. कुणी बोलत असताना तिचं लक्ष खिडकीतून कधी बाहेर पडलं हे तिला स्वतःलाच कळायचं नाही. पण हातात कात्री आली आणि पुढ्यात मखमल पसरली, की तिला तहानभूक आठवायची नाही, आणि सुताएवढी चूक व्हायची नाही. त्यावरही घरात बोलणं ठरलेलं होतं. मोठी म्हणायची, "मनात असलं की सगळं जमतं हिला. सोंग आहे नुसतं."

आणि मग ते वाक्य. अस्तर राहिलं, शिवण उलटी आली, रंग चुकला, की मोठी कमरेवर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "मी तुला सांगितलं होतं!"

"सॉरी वहिनी," धाकटी म्हणायची. तिला आठवायचं काहीच नाही, पण न आठवणं हाच तर तिचा गुन्हा होता. मग भांडायचं कशाच्या जोरावर?

तिचे वडील गेले तेव्हाही हेच झालं. आदल्या दिवशी त्यांचा फोन मोठीने घेतला होता, पोरीला बोलावलंय म्हणून. धाकटी गेली नाही, कारण तिला माहीतच नव्हतं. "मी तुला सांगितलं होतं," मोठी तेव्हाही म्हणाली, डोळ्यांत पाणी आणून. बापाचा शेवटचा निरोप विसरणारी पोर असं ओझं धाकटीने कितीतरी वर्षं मुकाट वाहिलं.

धाकटीची मुलगी नऊ वर्षांची. एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. शाळेतून तक्रारींवर तक्रारी आल्या: वही अर्धी, डबा अर्धा, उत्तर येतं पण प्रश्न संपायच्या आत ओरडते. शेवटी धाकटी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी घाई केली नाही. चार-पाचदा बोलावलं, शाळेतल्या बाईंना विचारलं, घरचं विचारलं, भिंगरीला खेळायला बसवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिला लक्षच नाही असं समजू नका. लक्ष भरपूर आहे. ते कुठे ठेवायचं हे तिच्या हातात नाही. हा आळस नाही, हट्ट नाही आणि बुद्धी तर मुळीच कमी नाही. याला अवधानाचा दोष म्हणतात."

एवढं बोलून त्या थांबल्या, कारण धाकटी त्यांच्या खिडकीच्या पडद्याची शिवण निरखण्यात गुंग झाली होती.

"आई," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "तुमचं लहानपण कसं गेलं?"

धाकटीने तोंड उघडलं ते बराच वेळ मिटलं नाही. नंतर तिचीही तपासणी झाली. हे बऱ्याचदा घरातून चालत येतं, असं कळलं. मोठेपणी आपोआप जातंच असंही नाही, पण त्याच्याशी वागता येतं. भिंगरीला सकाळची गोळी सुरू झाली. नुसत्या गोळीने भागायचं नाही म्हणून दोघींना सवयी शिकवल्या. एका वेळी एकच काम. कुणी काही सांगितलं की सांगणारा समोर असतानाच ते मोठ्याने म्हणून दाखवायचं. आणि डोक्यावर विसंबायचं नाही, कामाला काहीतरी हाताला लागेल असं रूप द्यायचं. धाकटीने कपडे वाळत घालायचे चिमटे घेतले. काम सांगितलं की एक चिमटा अ‍ॅप्रनला लावायचा, काम झालं की काढायचा. कारखान्यात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मोठी म्हणाली, "आता हिला दोरीवरच टाका वाळत."

हसणाऱ्यांचे दात दिसत राहिले आणि कामं वेळेवर होऊ लागली.

मग एका सकाळी मोठीने तयार पडदा उलटून बघितला आणि कमरेवर हात ठेवला. "याला अस्तर कुठाय? मी तुला सांगितलं होतं!"

सॉरी जिभेवर आलंच होतं. धाकटीने सवयीने खाली पाहिलं. अ‍ॅप्रनला एकही चिमटा नव्हता. अस्तराचा चिमटा कधी लावलाच नव्हता, कारण अस्तराचं कुणी बोललंच नव्हतं.

"नव्हतं सांगितलं, वहिनी."

"मग मी खोटं बोलते? चिमट्यांवर विश्वास ठेवायचा की माझ्यावर?"

सगळे हसले. धाकटी हसली नाही. तिने अस्तर बेतायला घेतलं, आणि बेतता बेतता तिच्या ध्यानात आलं ते इतकं साधं होतं की तिला स्वतःचीच कीव आली. विसरायची मोठीसुद्धा. माणूस आहे, विसरणारच. पण मोठीला स्वतःचं विसरणं टाकायला हक्काची जागा मिळाली होती. वर्षानुवर्षं ती तिथे टाकत आली होती आणि धाकटी सॉरी म्हणून उचलून घेत होती. यातलं आपलं किती आणि तिचं किती? आणि वडिलांचा तो निरोप? तो सांगितला होता की नव्हता, हे आता ब्रह्मदेवालाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी धाकटीने डूख धरला. ती रागावली नाही, भांडली नाही. आणि या बाईला कालचं आठवत नाही असं म्हणणारे घरचे लोक बघत राहावेत, अशी ती अस्तराची गोष्ट रोज आठवू लागली.

संधी चालत आली. भिंगरीच्याच शाळेच्या सभागृहाला नवा पडदा हवा होता, लाल मखमलीचा. कारखान्याला मिळालेलं आजवरचं सगळ्यात मोठं काम. मोठी स्वतः जाऊन माप घेऊन आली आणि टेबलापलीकडून म्हणाली, "उंची सोळा फूट."

"उंची सोळा फूट," धाकटी मोठ्याने म्हणाली. "खालची दुमड धरून सोळा?"

"हो गं बाई, धरून सोळा. पोपटासारखी बोलू नकोस, बेत आता."

सासूबाईंनी रिंगा टाचता टाचता मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

रंगाचा नमुना म्हणून शाळेने जुना पडदा पाठवला होता. धाकटीने तो टेबलावर पसरला. तो धुऊन धुऊन आटला होता, तरी सोळा फुटांपेक्षा चांगला हातभर लांब होता. आधीची धाकटी असती तर धावत गेली असती, "वहिनी, एकदा बघता का, काहीतरी चुकतंय" म्हणत. मोठीने कपाळाला आठ्या घालून माप सुधारलं असतं, आणि शाबासकीही तिनेच घेतली असती. या धाकटीने जुना पडदा घडी घालून कोपऱ्यात ठेवला आणि कात्री उचलली. मखमल चरचर कापली जात होती तेव्हा तिला जे सुख झालं, त्याची लाज वाटायला हवी होती. तिला वाटली नाही.

पडदा टांगायच्या दिवशी ती मुद्दाम सभागृहात गेली. मोठी होती, सासूबाईही एवढं मोठं काम बघायला म्हणून आल्या होत्या. दोघे भाऊ शिड्यांवर चढले, रिंगा सरकल्या, लाल मखमल खाली उतरली आणि रंगमंचापासून हातभर वर येऊन थांबली.

मुख्याध्यापिकाबाई बघत राहिल्या. "हे काय? मुलांचे नुसते पाय दिसणार का आता?"

धाकटी वाट बघत होती. या क्षणाची तिने मनात इतकी उजळणी केली होती की तिला तो तोंडपाठ होता. आता मोठी कमरेवर हात ठेवणार, ते वाक्य म्हणणार, आणि सासूबाई म्हणणार, मी ऐकलं, तू सोळाच म्हणालीस.

मोठीचा हात कमरेवर गेलाही. तिची नजर सासूबाईंवर गेली आणि ती अडखळली. मग ती नजर दाराकडे वळली. शाळा सुटली होती आणि भिंगरी पाठीवर दप्तर घेऊन उड्या मारत आईकडे येत होती.

"माप मी नंतर सुधारलं होतं," मोठी म्हणाली. "बुधवारी दुपारी हिच्याजवळ निरोप दिला होता, आईला सांग, उंची वाढवायचीय म्हणून. विसरली असेल बिचारी. तिचा तरी काय दोष म्हणा, डॉक्टरांनीच सांगितलंय तिचं."

"हो हो, आम्हाला कल्पना आहे," मुख्याध्यापिकाबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या हळू आवाजाने जास्त लागलं.

भिंगरी उड्या मारायची थांबली. तिने कपाळाला आठ्या घातल्या. ती आपल्या डोक्यात शोधत होती. धाकटीला तो शोध चांगला माहीत होता: कधी ठेवलीच नाही ती वस्तू माणूस रिकाम्या पेटीत चाचपत राहतो, आणि मिळाली नाही की आपलेच हात वाईट म्हणतो.

"विसरले असेन," भिंगरी म्हणाली. "सॉरी काकू."

सापळा धाकटीने लावला होता आणि पाय पोरीचा अडकला होता. मोठीचा राग आला त्याहून जास्त स्वतःचा आला, पण स्वतःशी भांडायला घरी वेळ मिळाला असता.

"बुधवारी कुठे भेटली ती तुम्हाला?" तिने विचारलं.

"कारखान्यात. शाळेतून आली तेव्हा."

"बुधवारी मी तिला शाळेच्या दारातूनच डॉक्टरांकडे नेलं. आलो तेव्हा दिवे लागले होते. सकाळी निघताना तुम्हाला म्हणाले होते, दुपारी आम्ही दोघी नाही." धाकटी एक पाऊल पुढे झाली. "मी सांगितलं होतं, वहिनी. विसरलात?"

शिडीवरचे दोघे भाऊ नेहमीप्रमाणे मुके होते. बोलल्या त्या सासूबाई.

"सांगितलं होतं हिने. माझ्यासमोर. आणि उंचीही तू सोळाच म्हणाली होतीस."

मोठीचा चेहरा मखमलीच्या रंगाला आला. "मग गुरुवार असेल... एवढ्या व्यापात माझ्या तरी काय काय लक्षात..."

"गुरुवार नाही आणि शुक्रवारही नाही," धाकटी म्हणाली. "जुना पडदा मोठा होता, मला दिसलं होतं. तरी मी सोळाच बेतला. मुद्दाम. तुम्हाला इथे सगळ्यांसमोर उभं करायचं होतं मला."

"अगं, काय बोलतेस काय!" सासूबाई उठल्या.

"खरं बोलतेय, आई. वाया गेलेलं कापड माझ्या नावावर घाला, मी रात्रीचा दिवस करून दुसरा शिवेन. पण पोरीच्या नावावर काही घालायचं नाही." ती मोठीकडे वळली. वडिलांच्या फोनचं विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "तिला सांगा."

"काय सांगू?"

"झालं ते."

मोठी जमिनीकडे बघत पुटपुटली, "मी निरोप दिला नव्हता."

"फरशीला नाही. तिला."

मोठीने मान वर केली. "मी तुला काही सांगितलं नव्हतं. माप माझंच चुकलं."

"सॉरी काकू," भिंगरी लगेच म्हणाली.

धाकटी पोरीकडे बघत राहिली. माफी मागणाऱ्या बाईलाच पोर सॉरी म्हणाली होती, श्वास घ्यावा तितक्या सहज. तो आवाजही धाकटीचाच होता, मान जरा खाली घालून बोलायची तऱ्हासुद्धा.

"पुन्हा सांगा," ती मोठीला म्हणाली.

"अगं, सांगितलं की आता!"

"तिला पोचलेलं नाही. पुन्हा."

"मला वाटतं आता पुरे," मुख्याध्यापिकाबाई मध्ये पडल्या.

"बाई, तुम्हीही ऐका. मघाशी तुम्हीही हो हो म्हणालात."

मोठीने पुन्हा सांगितलं. भिंगरीचे ओठ हलले, अर्धं सॉरी बाहेर आलं, आणि ती गोंधळून आईकडे बघू लागली.

"पुन्हा," धाकटी म्हणाली.

"तुझी चूक नव्हती," मोठी म्हणाली. आता तिचा आवाज फुटला होता. "तुला मी काही सांगितलंच नव्हतं. मी विसरले. मी."

या वेळी भिंगरी सॉरी म्हणाली नाही. एरवी एका ठिकाणी न ठरणारी ती पोर काकूकडे टक लावून बघत होती.

"काकू," तिने विचारलं, "मग तू माझं नाव का सांगितलंस?"

मोठीने सासूबाईंकडे बघितलं, मग शिडीवरच्या नवऱ्याकडे. कुणीच मदतीला आलं नाही. धाकटीने पोरीच्या पाठीवरचं दप्तर काढून आपल्या खांद्याला अडकवलं आणि ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. तिला कसलीच घाई नव्हती.