प्रत्ययांची टेप

"मॅडम क्वीनी, तीच टेप," मिस्टर रादेव म्हणाले आणि त्यांनी टोपीवरचा बर्फ झटकला, तोही नेमका मी आत्ताच पुसलेल्या काउंटरवर.

"तीच देते हो. आजवर दुसरी मागितलीत का कधी?"

मॉन्ट्रियलच्या एका युनिव्हर्सिटीत मी लँग्वेज लॅब सांभाळत होते. ऑलिम्पिकच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मुलांना टेपा द्यायच्या, परत घ्यायच्या, मशीन पुसायची, तुटलेली टेप चिकटवायची, हे माझं काम. फ्रेंच शिकणाऱ्यांची ही झुंबड असायची. रशियन आणि बल्गेरियनच्या टेपांकडे काळं कुत्रंही फिरकत नसे. रादेव मात्र रोज यायचे. माणूस जन्माचा बल्गेरियन, रिटायर झालेला. त्यांना बल्गेरियन शिकायचं होतं काय, कप्पाळ! टेपवरचा आवाज त्यांच्या बायकोचा होता, आणि ती बिचारी जाऊन दोन हिवाळे झाले होते.

रादकाबाई आमच्याकडेच शिकवायच्या. नामांना लागणारे प्रत्यय हा त्यांचा जीव की प्राण. कॉफी घ्यायला माझ्या काउंटरशी यायच्या आणि मी न विचारताच सुरू व्हायच्या. "रशियनांचा तोरा बघ! त्यांची ती '-स्त्वो' नि '-निये' लागलेली भारदस्त नामं चर्चच्या पोथ्यांतून गेलीत, आणि पोथ्या कुणाच्या? आमच्या जुन्या बल्गेरियनच्या!" एकदा म्हणाल्या, रंगाऱ्याला आम्ही 'बोयाजिया' म्हणतो, त्यातला 'जिया' तुर्क मागे ठेवून गेले. मी सहज म्हटलं, आमच्याकडे मशालची असतो, खजानची असतो. बाई खुर्चीवरून उठल्याच. "अगं, तोच तो! एकच पाहुणा तुझ्याही घरी जेवून गेला नि माझ्याही!" मग माझ्या लोकांना काय म्हणतात ते विचारलं. मी सांगितलं, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. कोकणात तेलाचे घाणे चालवायचो, शब्बाथला घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. त्या दिवशी बाई जाता-येता मला 'तेली, तेली' म्हणून हाका मारत होत्या. अशी हसरी बाई, आणि आजार झाला तो पोटातला.

त्यांची टेप साधी होती. त्या म्हणायच्या, "उचीतेल." म्हणजे शिक्षक. मग थोडी मोकळी जागा. तिथे मुलांनी प्रत्यय लावून शिक्षिका करायची. मग बाई स्वतःच बरोबर उत्तर सांगायच्या, "उचीतेल्का." पुन्हा पुढचा शब्द, पुन्हा मोकळी जागा.

रादेव खिडकीजवळच्या बूथमध्ये हेडफोन लावून बसायचे आणि त्या जागेत त्यांचे ओठ हलायचे. मी काचेतून बघायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? माझा सोलोमन ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसता उपसता गेला. त्याचा खोकला मला आठवतो, आवाज आठवत नाही. आठवायला गेले की माझ्याच आवाजात त्याचे शब्द ऐकू येतात. दिवसभर टेपांच्या ढिगाऱ्यात बसणारी मी, आणि माझ्यापाशी नवऱ्याचा एक शब्द नाही. याला काय म्हणावं!

त्याच दुपारी जयंती खाली आली. डिपार्टमेंटची सेक्रेटरी, नागपूरची, तोंडाने फटकळ पण मनाने चांगली.

"क्वीनीताई, नवा प्रोफेसर नवीन धडे रेकॉर्ड करून राहिला. जुन्या स्लाव्हिकच्या टेपा शुक्रवारपर्यंत इरेज करा म्हणतो. तीच रिळं वापरणार."

"रादकाबाईंचीसुद्धा?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या."

"मेल्याला सांग, माझ्या हातून नाही व्हायचं ते. बाई एकदा मेली, आता पुन्हा तिचा गळा दाबू?"

"माझ्यावर काहून ओरडता? काढून ठेवा ना एक कॉपी. कोण पाहून राहिलं?"

मी लगेच कॉपी काढली. दुसऱ्या दिवशी रादेव आले तेव्हा कॉपीची नवी कोरी डबी त्यांच्या पुढ्यात ठेवली. वाटलं, म्हातारा आता माझे हात धरून रडतो. पण त्यांनी डबीला हातसुद्धा लावला नाही.

"तुमच्या मशीनवरून बूथमधलं ऐकता येतं ना?"

"येतं. पण तुमचं मी कधीच ऐकलं नाही हो!"

"आज ऐका. मी इंग्लिशमध्ये बोलतो."

मी कळ दाबली.

"उचीतेल," रादकाबाई म्हणाल्या.

"रादका, नळ अजून गळतोय," मोकळ्या जागेत रादेव म्हणाले.

"उचीतेल्का."

"प्रोदावाच," टेपवर पुढचा शब्द आला, म्हणजे विकणारा.

"तुझा कोट अजून तिथेच आहे. कुणाला देऊन टाकू का?"

"प्रोदावाच्का."

"पेवेत्स." म्हणजे गायक.

"माझं नाव घे ना गं. एकदाच."

"पेवीत्सा," बाई म्हणाल्या, तशाच हसऱ्या, आणि पुढच्या शब्दाकडे गेल्या. मी हेडफोन काढून ठेवला.

रादेव काउंटरशी आले. "आमच्याकडे चाळिसाव्या दिवशी गहू उकडून, साखर घालून वाटतात. मग आत्म्याने निघून जायचं असतं. मी गहू वाटला आणि दुसऱ्याच दिवशी तिला इथे आणून बसवलं. मी काहीही बोललो तरी ती मला विद्यार्थीच समजते. ही टेप घरी नेली तर मी उठायचाही नाही. दोन्ही पुसा, मॅडम क्वीनी."

"मग तुमचं येणं बंद करा की!" मी तडकले. "तिला कशाला पुसायचं? आवाज नसणं म्हणजे काय ते मला विचारा! जन्मभर पस्तावाल."

"टेप आहे तोवर मी येणार. मला ठाऊक आहे ना मी कसा आहे ते." त्यांनी डबी माझ्याकडे सरकवली. "तुम्ही तिच्या मैत्रीण. ते दुसऱ्या कुणाच्या हातून नको."

मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. त्यांच्याजागी मी असते तर दिली असती का टेप? नसती दिली. पण बायको त्यांची होती.

टेप पुसायचं यंत्र म्हणजे एक जड लोहचुंबक. रीळ त्यावर ठेवून फिरवायचं आणि सावकाश लांब न्यायचं. घाई केली तर आवाजाचे ठिपके मागे राहतात. आधी कॉपी पुसली. मग बाईंचं रीळ उचललं. घाई होऊ नये म्हणून रादेवांनी माझं मनगट धरलं. आम्ही दोघांनी मिळून ते रीळ लांब नेलं, अगदी हळू. मी मनात आमच्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं. दुसरं काही सुचलंच नाही.

पुसलेली टेप एकदा लावून बघायची, हा लॅबचा नियम. "मी बघतो," रादेव म्हणाले आणि आपल्या बूथमध्ये जाऊन बसले.

मी माझा हेडफोन कानाला लावला. नुसती खरखर येत होती. मग रादेव आपल्या भाषेत बोलू लागले, आधी अडखळत, मग भडाभडा, पुन्हा पुन्हा तिचं नाव घेत. त्यांना मध्येच तोडणारं आता कुणी नव्हतं.

मी त्यांच्या बूथची ऐकायची कळ बंद केली आणि त्यांचं बोलणं होईपर्यंत खाली फोन लावू नकोस म्हणून जयंतीला सांगितलं.