वरच्या वस्तीची मतं

पंचायतीच्या कार्यालयात अ‍ॅप आलं तेव्हापासून खालच्या गावात तिला सगळे 'अ‍ॅपवाली वहिनी' म्हणू लागले. त्याआधी ती नुसती वहिनी होती, दाखले टाइप करून द्यायची. आता नळाला पाणी नाही, रस्त्यावरचा दिवा बंद आहे, शेजाऱ्याचं कुत्रं भुंकतं, असलं सगळं लोक फोनवर टाकायचे आणि ते येऊन पडायचं तिच्या पडद्यावर. कुत्र्याचं काय करायचं हे वरच्या साहेबांनाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिची मान नुसती दगड होऊन जायची.

यंदा त्याच अ‍ॅपवर गावाचं मत घ्यायचं ठरलं. काम एकच होणार होतं. बसथांब्यावर छप्पर घालायचं, की वरच्या वस्तीच्या वाटेत आडव्या येणाऱ्या ओढ्यावर साकव बांधायचा, हे लोकांनी आपापल्या फोनवर सांगायचं. गावाचे अध्यक्ष भाषणात म्हणाले, "आता सगळं तुमच्या बोटावर!"

वरच्या वस्तीत बोटं होती, पण रेंज नव्हती. कुणीतरी टॅब घेऊन घरोघर जाणं भाग होतं.

"मला नका पाठवू साहेब," ती म्हणाली. "माझं माहेर आहे ते. उद्या लोक नावं ठेवतील."

"मग काय मी जाऊ या गुडघ्यांनी?" अध्यक्ष म्हणाले. "जा गं बाई. तेवढंच वडिलांना भेटणं होईल."

ती गेली. चपला हातात घेऊन ओढा ओलांडला, चढ चढली, दारोदार फिरली. प्रत्येक घरी तीच टकळी चालवली. हे छपराचं चित्र, हा साकव, जे हवं त्यावर बोट ठेवायचं. लोक बोट ठेवत तेव्हा ती पाठ फिरवून उभी राहायची. शेवटचं घर वडिलांचं. ते गवंडी होते, आता डोळ्यांनी अधू झालेले. टॅब नाकाला लावून त्यांनी बराच वेळ चित्रं न्याहाळली.

"तोंड फिरवलंस ना?"

"कधीचं फिरवलंय बाबा. आटपा आता, माझे पाय गेलेत."

थोडक्या मतांनी का होईना, साकव जिंकला. आणि दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आत बसथांब्याजवळचा दुकानदार दारात हजर.

"वा वहिनी! माहेरची मतं टोपलीत घालून आणलीत. बोटं त्यांची की तुमचीच?"

तिने समजावायचा प्रयत्न केला, पण तो ऐकायला आलाच नव्हता. दुपारी त्याने अ‍ॅपवर रीतसर तक्रार टाकली. ती तक्रारही येऊन पडली तिच्याच पडद्यावर. 'कर्मचाऱ्याने माहेरच्या बाजूने गैरप्रकार केला.' तिने ती दोनदा वाचली आणि नियमाप्रमाणे स्वतःच पुढे पाठवली.

घरी नवरा गप्प गप्प जेवला. हात धुताना म्हणाला, "तरी सांगत होतो, जाऊ नकोस."

"तुम्ही नव्हतं सांगितलं. मीच सांगितलं होतं, साहेबांना."

तो हात पुसत आत गेला. भांडायचं त्राण तिच्यातही नव्हतं.

अध्यक्षांनी सभा बोलावली. अ‍ॅप आल्यापासून सभेला चिटपाखरू फिरकत नव्हतं, पण त्या दिवशी बसायला जागा उरली नाही. दुकानदाराने तिच्या नावाने खडे फोडले. ती मान खाली घालून ऐकत राहिली. तेवढ्यात मागून ओळखीची काठी वाजली. भिंतीला धरत धरत बाबा पुढे आले.

"ही माझी पोर. हिने वस्तीची बोटं धरून साकव निवडला म्हणता?"

"म्हणतोच!" दुकानदार म्हणाला.

"मग सख्ख्या बापाचं बोट कसं सुटलं तिच्या हातून? मी छप्पर निवडलं."

सगळ्या माना बाबांकडे वळल्या.

"डोळे दाखवायला दर खेपेला त्या थांब्यावर उन्हात उभा राहतो मी," बाबा म्हणाले. "तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसलो तर उठवता की नाही, सांगा."

हशा पिकला. दुकानदाराचा चेहरा उतरला. तिला मात्र हसू येईना. निर्दोष सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण बापानेच साकव नाकारला, एवढंच मनात खुपत राहिलं.

आळ गेला, पण मत काही टिकलं नाही. एकदा तक्रार आली की मत पुन्हा घ्यायचं, असा वरून निरोप आला. या खेपेला टॅब फिरवायचा नाही. ज्याने त्याने कार्यालयात येऊन स्वतः बोट दाबायचं.

"वस्तीवरच्या म्हाताऱ्या कशा येतील साहेब? ओढ्याला पाणी चढलंय," ती म्हणाली.

"नियम सगळ्यांना सारखा," अध्यक्ष म्हणाले, आणि तिची नजर चुकवून खिडकीबाहेर बघू लागले.

मताच्या दिवशी ती सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसली. खालचं गाव आलं, हसतखेळत मत देऊन गेलं. वरून तरणीताठी तेवढी आली. म्हाताऱ्या नाहीत, लेकुरवाळ्या नाहीत. बाबा आले ते पुतण्याच्या खांद्यावर हात टाकून, कमरेपर्यंत भिजलेले. छप्पर जिंकलं. जाताना दुकानदार पुटपुटला, "वहिनी, मनात धरू नका." तिने नुसती मान हलवली.

पाणी उतरेना म्हणून बाबा तिच्याकडेच मुक्कामाला राहिले. नवऱ्याने न सांगता त्यांना स्वतःचे कोरडे कपडे काढून दिले. पाय चेपता चेपता तिने विचारलं, "आज काय दाबलंत?"

"साकव."

"मग आधी छप्पर का?"

"साकव कुणी बांधेल असं वाटलंच नव्हतं गं. म्हटलं, मिळतंय ते छप्पर तरी पदरात पाडून घ्यावं. आपली माणसं जिंकली म्हणून ऐकलं, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, बांधतील."

ती पाय चेपत राहिली.

पाणी ओसरल्यावर तिने रजा टाकली आणि बाबांना पोचवायला वर गेली. निकाल अ‍ॅपवर लागला होता, म्हणजे वस्तीत तो कुणालाच कळला नव्हता. तिने घरोघर जाऊन सांगितलं. कुणी चिडलं नाही, त्याचंच तिला जास्त लागलं. चुलतीने आत बोलावून पाणी दिलं.

"पुन्हा कधी विचारणार आहेत?"

"पुढच्या वर्षी, काकू."

"आणि आम्ही खाली यायचं?"

"हो."

चुलतीने रिकामा पेला हातात घेतला. "बस जरा. चढून आलीस, दम खा," ती म्हणाली आणि तिच्या पाठीशी उशी सरकवली.