नुसतं ‘छान’

फळीचा एक कोपरा कुणीतरी चावलेला — लहान दातांची ओळ फोममध्ये स्पष्ट उमटलेली — आणि ती फळी छातीशी धरून, पाय मारत ती तलावाच्या कठड्याशी पोचली, तेव्हा वरून आवाज आलाच. “छान, काकू! छान!”

छान. काय छान? शेजारी पोहणाऱ्या बँकवाल्यावर सर खेकसत होते, “कोपर वर! मान कशाला उचलता?” कॉलेजातल्या त्या मुलीला तर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पोहायला लावलं. आणि मला गोंजारणं! जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली मी. ज्या पानावर दुरुस्तीची एकही खूण नाही, ते बहुधा कुणी वाचलेलंच नसतं... हा पोरगा मला वाचतच नाही. डुंबू दे म्हातारीला, जाईल कंटाळून — असंच ना? पाणी गार होतं, तरी तिची कानशिलं तापली.

तिनं फळी कठड्यावर आपटली. “सर, माझं काय चुकतं?”

“काही नाही काकू, मस्त चाललंय.”

“महिनाभर फळी धरून नुसते पाय झाडतेय मी. हे मस्त?”

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. अवघडले. “तुमच्या मुलीनं पहिल्याच दिवशी बजावलंय... बाबा वारल्यापासून आई हळवी झालीय, तिला ओरडू नका म्हणून.”

हळवी! म्हणजे घरातली ती कुजबूज, आपण खोलीत येताच बदलणारे विषय, भाजी खारट झाली तरी ‘छान झालीय गं आई’... आणि इतके दिवस आपण भलत्याच माणसावर दातओठ खात होतो. मुलगी आत्ता बाहेर गाडीत बसलेली असेल, कोरडा टॉवेल मांडीवर घेऊन. तिच्यावर चिडायचं तरी कसं — आणि न चिडायचं तरी कसं?

“ओरडा,” ती म्हणाली. “तिला मी बघून घेते.”

“बघा हं, काकू.”

फळी न घेताच तिनं अंग झोकून दिलं.

“मान खाली! गुडघ्यातून नको, मांडीतून पाय मारा! कितीदा सांगायचं?”

एकदाही सांगितलं नव्हतंस, गाढवा! — नाकात पाणी गेलं, ठसका लागला, तरी ती मारत राहिली, मांडीतून, दाणदाण. राग ओसरला नव्हता, उलट चढतच होता... एवढा कुणावरचा? मुलीवरचा? की भरल्या घरातून एका शब्दानं न सांगता उठून गेलेल्या त्या माणसावरचा — ज्याच्यावर चिडायला अजून कुणी तिला सवडच दिली नव्हती?

“चूक! पुन्हा!”

हो, पुन्हा, ती मनात किंचाळली. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला स्वतःचा आवाज ओळखू आला.