सुशिलाबाईंच्या जीपचं पासिंग

पासिंगची तारीख जवळ आली तसं सुशिलाबाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं. अट साधी होती आणि ती खुद्द त्यांच्या पोटच्या पोराने, लोकेंद्रने, घातली होती. जुनी जीप आपल्या चाकांवर गोंदियाच्या आरटीओत गेली आणि पास झाली, तर राहील. टोचन लावून ओढत न्यावी लागली किंवा साहेबांनी नापास केली, तर सरळ भंगारात. मग लोकेंद्र नवी गाडी घेणार, तिच्यावर ड्रायव्हर ठेवणार, आणि माय मागच्या सीटवर बसून काचेतून धानाच्या बांध्या बघणार.

"ह्या वयात कायले स्टेअरिंग धरून बसतेस माय?" असं तो दर भेटीला म्हणायचा. धानाच्या व्यापारात त्याचा जम बसला होता, गोंदियाजवळ कुडव्यात घर झालं होतं, आणि माय जीप हाकते याची त्याला आताशा लाज वाटू लागली होती.

जीप घरात आली तेव्हा ती सुशिलाबाईंचे यजमान चुन्नीलाल चालवणार असं ठरलं होतं. चुन्नीलालनी पहिल्याच दिवशी ती बांधावरून चिखलात उतरवली आणि पुन्हा म्हणून चाकाला हात लावला नाही. मग कोणीतरी चालवायलाच हवी होती, म्हणून सुशिलाबाई शिकल्या. डोक्यावरचा पदर कानामागे खोचून त्यांनी धान वाहिलं, भाजी वाहिली, अडलेल्या बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया-जत्रा लागल्या की अख्ख्या मोहल्ल्यातल्या बाया त्यांच्या मागे दाटीवाटीने बसायच्या. कोहमाऱ्याच्या ढाब्यांवरचे ट्रकवालेही त्यांना ओळखत. जीप गेली तर आपण कोण उरू, हा विचार त्यांची पाठ सोडत नव्हता.

म्हणून त्यांनी तयारी अशी केली की लग्नघरातही तशी होत नसेल. ब्रेक नवे भरले, दिवे लावले, वायपर बसवले, हॉर्न तर असा लावला की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली. चुन्नीलालही मागे नव्हते. त्यांनी बोनेट पुसलं, नंबर रंगवला, आणि आदल्या दिवशी पंपावर डिझेल भरताना टाकीचं झाकण कुठेतरी हरवून आले.

आता झाकण हरवलं तर हरवलं, चुन्नीलाल काही हात बांधून बसणारे नव्हते. गावात बी-धानाची ढोली लिंपावी तर त्यांनीच, अशी त्यांची ख्याती. बांबूच्या ढोलीत बियाणं भरायचं, वरून शेणामातीने असं बंद करायचं की किड्याला श्वास घ्यायला जागा राहू नये. अंगणात मळणी चालू होती, भुसा उडत होता. तो टाकीत जाऊ नये म्हणून त्यांनी खताच्या पोत्यातली प्लास्टिकची जाड पन्नी चौपदरी केली, टाकीच्या तोंडावर ताणली आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून अशी करकचून आवळली की पाहत राहावं.

"वर्षभर ठेव, एक कण जाणार नाई," ते म्हणाले.

सकाळी निघाले तेव्हा सुशिलाबाईंना हुरूप आला होता. जीप नव्या नवरीसारखी चमकत होती, इंजिनाचा आवाज स्वच्छ होता. साहेब दुपारच्या जेवणापर्यंतच गाड्या बघतात, तेव्हा वेळ होता, पण फार नव्हता. कोहमाऱ्याचा चौक मागे पडला, गोंदियाचा रस्ता लागला, सुशिलाबाईंनी टॉप गिअर टाकला आणि चक्क गुणगुणायला लागल्या. तेवढ्यात जीपने एक गचका दिला, मग दुसरा, मग खोकल्यासारखं करून ती रस्त्याच्या कडेला गप्प झाली.

"काऊन थांबवली?" चुन्नीलालनी विचारलं.

"मी कायले थांबवू? आपल्यानंच थांबली."

"डिझेल नसंल." चुन्नीलाल उतरले, पट्टी सोडली, पन्नी काढली, आत काडी घालून पाहिली. डिझेल भरपूर होतं. त्यांनी टाकी पुन्हा पहिल्यासारखी आवळून बांधली. तोवर सुशिलाबाईंनी बोनेट उघडून डिझेलचा हातपंप मारला, पाइपातली हवा काढली. चावी फिरवली तर जीप लगेच सुरू.

"हवा धरली होती," सुशिलाबाई म्हणाल्या.

"म्या बोनेटवर थाप मारली ना, म्हणून चालू झाली," चुन्नीलाल म्हणाले. या माणसाशी वाद घालायला सुशिलाबाईंकडे त्या दिवशी वेळ नव्हता.

काही अंतर मजेत गेलं. मग पुन्हा तोच गचका, तोच खोकला. नशिबाने समोरच केशोराव मिस्त्रीचं टपरीवजा गॅरेज होतं. केशोराव या रस्त्यावरचा जुना माणूस, जीपचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा. सुशिलाबाईंनी त्याला पासिंगचं सांगितलं तसा तो हातातला चहा टाकून उठला.

"पयले डिझेल दाखवा," तो म्हणाला. चुन्नीलालनी पुन्हा पट्टी सोडली, पुन्हा काडी घातली, ओली काडी पुढे बोनेटपाशी आणून त्याच्या नाकाशी धरली आणि पुन्हा सगळं बांधून टाकलं.

"मंग फिल्टर चोक झाला. दुसरं काई नाई." केशोरावने फिल्टर बदलला, हवा काढली, हात पुसले. जीप एका दमात सुरू झाली. "आता नागपूरले जा, नाईतर दिल्लीले जा. थांबणार नाई."

सुशिलाबाईंचा जीव भांड्यात पडला. वाटेतलं गोरेगाव मागे टाकलं तेव्हा त्यांना साहेबांची सहीसुद्धा दिसायला लागली होती. आणि गोंदिया असं हातभर राहिलेलं असताना, दोन्हीकडे कापणी झालेली शेतं आणि मध्ये नुसता तापलेला रस्ता अशा जागी, जीप तिसऱ्यांदा मेली.

आता मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. त्या खाली उतरल्या तर चुन्नीलाल मोहाच्या झाडाखाली मोबाइल कानाला लावून उभे. त्यांचे कान जरा जड, त्यामुळे फोनवर ते सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं बोलत.

"हो, हो, बंद पडून राहिली पावलापावलाला. तू पिकअप घेऊन ये. टोचनचा दोर आणजो."

"कोणाले फोन लावला?" सुशिलाबाईंनी विचारलं, जरी त्यांना कळलं होतं.

"लोकेंद्रले."

"अजी, तुमाले काई समजते का? टोचन लागला की संपलं माझं."

"मंग इथंच बसतेस का दिवसभर? साहेब निघून जाईन." चुन्नीलाल झाडाच्या बुंध्याशी टेकून बसले. "मी आता काई उघडझाक करत नाई. पाय गेले माझे."

लोकेंद्र यायला फार वेळ लागणार नव्हता. सुशिलाबाईंनी कमरेला पदर खोचला. डोक्यात नुसता गोंधळ होता, तरी त्यांनी विचार मात्र शिस्तीत केला. पहिल्यांदा आपण हवा काढली, जीप चालली. दुसऱ्यांदा फिल्टर बदलला, तरी चालली. म्हणजे हवा आणि फिल्टर ही दुखणी खरी असती तर ती पुन्हा उपटली नसती. मग दोन्ही वेळा सारखं काय केलं? आठवत गेल्या आणि एकच गोष्ट हाती लागली. दोन्ही वेळा टाकी उघडून काडी घातली होती.

त्या टाकीकडे गेल्या आणि तिथेच थबकल्या. नवऱ्याने तबल्यासारखी ताणून बांधलेली पन्नी आता दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या गालासारखी आत खोल गेली होती. त्यांनी पट्टीचं टोक सोडलं. पन्नी सैल होताच टाकीने सूंऽऽ करून भलामोठा श्वास ओढला. जड कानांच्या चुन्नीलालना तो दोन्ही वेळा ऐकू गेला नसणार, यात काही नवल नव्हतं.

आणि सुशिलाबाईंना एकदम तेलाचा डबा दिसला. पंधरा किलोच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल भकभक करत अडतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं, हवेला वाट दिली, की मग धार लागते. हे तर स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलेल्या कोणालाही ठाऊक. डिझेल खाली जाणार तर वरून हवा यायला नको का? ह्या माणसाने टाकी लिंपली होती, बी-धानाच्या ढोलीसारखी.

"लोकेंद्राचे बाबूजी," त्या ओरडल्या, "तुमी जीपचा गळा दाबून ठेवला होता जी."

पोती शिवायचं दाभण सीटच्या कापडात खोचलेलंच असे. त्यांनी ते उपसलं, पन्नी पुन्हा टाकीवर बांधली आणि दाभणाने तिला चांगली दोनतीन भोकं पाडली. हातपंप मारला, चावी फिरवली. जीप सुरू झाली. पण सुरू तर ती मघाशीही दोनदा झाली होती, त्यामुळे सुशिलाबाई हसल्या नाहीत. "बसा लवकर," त्या म्हणाल्या, आणि चुन्नीलालचा दुसरा पाय आत येण्याआधी त्यांनी क्लच सोडला.

आता प्रत्येक वळणाला त्या इंजिनाकडे कान लावत होत्या. एक गाव गेलं, नाला गेला, जीप पळतच होती. सुशिलाबाईंना वाटलं आता गचका देईल, आत्ता देईल. दिला नाही. वाटेतली रिकामी शेतं, रांगेतल्या राइस मिला, कोंड्याचे ढीग झरझर मागे पडत होते. समोरून लोकेंद्रची पिकअप येताना दिसली. हौद्यात पिवळा दोर पडलेला होता. लोकेंद्र खिडकीतून हात हलवून थांबायची खूण करत होता. सुशिलाबाईंनी नवा हॉर्न असा दाबून धरला की त्याचा हात हवेतच राहिला, आणि जीप त्याच्या शेजारून सूं करून निघून गेली. चुन्नीलालनी मागे वळून पाहिलं आणि टोपी काढून पोराला दाखवली. मघाचे गेलेले पाय त्यांना परत आले होते.

आरटीओत शेवटच्या दोन गाड्या उरल्या होत्या. साहेब तरुण होते, घामाघूम झाले होते, पण मनापासून बघणारे होते. त्यांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, खाली वाकून स्प्रिंगांचे पाटे पाहिले. सुशिलाबाईंना जीप पुढे-मागे घ्यायला लावली, तेव्हा आजूबाजूचे ड्रायव्हर बघायला जमले. सगळं ठीक होतं. मग ते टाकीपाशी गेले.

"हे काय आहे?"

"पन्नी जी," चुन्नीलाल अभिमानाने म्हणाले. "म्याच बांधली."

"असं चालत नाही काका. आग लागेल. टाकीला ढक्कन पाहिजे." साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मी उठायच्या आत लावून आणा, पास करतो. नाहीतर बाकी कितीही चांगली असली तरी नापास."

सुशिलाबाईंनी फाटकाबाहेर पाहिलं. सुट्या भागांची दुकानं होती बाजारात, पण जुन्या जीपचं झाकण कुठल्या दुकानात मिळतं ते शोधत फिरायला वेळ कुठला? एवढ्यात मागे पिकअप येऊन थांबली. लोकेंद्र उतरला, जीप बघितली, साहेबांना बघितलं, काय अडलं ते त्याने जमलेल्या ड्रायव्हरांकडून ऐकलं. त्याने काही केलं नसतं, नुसता उभा राहिला असता, तरी जीप भंगारात गेली असती, आणि कोणी त्याला बोल लावला नसता. हे सुशिलाबाईंना कळत होतं, आणि त्यालाही. त्यांनी त्याच्याकडे काही मागितलं नाही. पोरापुढे हात पसरून चाक वाचवायचं, हे त्यांच्याच्याने होईना.

लोकेंद्र मायकडे बघत राहिला. मग वळला, पिकअपमध्ये बसला आणि निघून गेला.

"गेला," चुन्नीलाल म्हणाले. सुशिलाबाईंनी जीपच्या गरम बोनेटवर हात ठेवला. वाईट याचं वाटत होतं की जीप कुठेच कमी पडली नव्हती, अडलं होतं ते एका झाकणावर. शेवटची गाडी बघून झाली. साहेबांनी पेन खिशाला लावलं, पाण्याची बाटली उचलली.

फाटकातून पिकअप अशी आत शिरली की धुरळा उडाला. लोकेंद्र धावत आला, शर्ट घामाने भिजलेला, हातात नवंकोरं झाकण. "दोन दुकानं फिरलो," तो धापा टाकत म्हणाला, "जुन्या गाडीचं कोनी ठेवत नाई."

सुशिलाबाईंनी ते घेतलं आणि आधी उजेडात उलटं करून पाहिलं. हवेसाठी बारीक भोक होतं. मग त्यांनी पन्नी काढली आणि झाकण घट्ट फिरवलं.

साहेबांनी सही केली. "पाच वर्षं चालवा. मग परत आणा," ते म्हणाले, आणि सुशिलाबाईंच्या पांढऱ्या केसांकडे बघून चांगल्या मनाने पुढे म्हणाले, "तेव्हा मात्र गाडी चालवायला कोणी तरी सोबत आणा, बाई."

सुशिलाबाई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच लोकेंद्र बोलला.

"कोन कायले लागते साहेब? माय हाय ना."

सुशिलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथेच, सगळ्या ड्रायव्हरांसमोर, रडू फुटलं असतं. त्या जीपमध्ये चढल्या, पदर कानामागे खोचला आणि चावी फिरवली.