सरळ केलेलं तोंड

चित्रकलेच्या बाईंचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. खिडकी उघडत होत्या, लावत होत्या, पुन्हा उघडत होत्या. थोड्याच वेळात पालक येणार होते. प्रदर्शन पाहून त्यांनी नाकं मुरडली, तर चित्रकलेचे तास गणिताला जातील, असं मोठ्या बाईंनी गोड हसून सांगितलं होतं. मोठ्या बाईंच्या गोड हसण्याची सगळ्या शाळेला धास्ती होती.

तिसरीच्या मुलांनी फुग्यांवर रद्दीचे तुकडे खळीने चिकटवून घरातल्या माणसांचे मुखवटे केले होते. वाळल्यावर फुगे फोडले, मुखवटे रंगवले. कुणाची आई नकटी, तर कुणाच्या बाबांचे कान एकमेकांशी भांडल्यासारखे. बाईंना ते आवडलेही होते. पण भीती फार वाईट. आज त्या शिपायाच्याही आधी शाळेत आल्या आणि त्यांचे हात शिवशिवायला लागले. खळ-कागदाचे नवे थर चढवून त्यांनी नाकांना उंची दिली, कानांना शिस्त लावली. एका आजोबांचं कानापर्यंत ओढलं गेलेलं तोंडही सरळ केलं आणि वरून रंगाचा हात फिरवला. सगळे मुखवटे कसे शहाण्यासारखे दिसू लागले.

वर्ग उघडताच दोन वेण्यांवाली मुलगी धावत आली. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत आली.

"बाई, माझे आजोबा कुठे गेले?"

"अगं, हे काय तुझ्यासमोर!"

"हे नाहीत."

"नीट बघ की. मी फक्त तोंड जरा सरळ केलं."

"पण त्यांचं तसंच आहे, बाई. आजारी पडल्यापासून. मी त्यांना सांगितलंय, 'आजोबा, तुमचा मुखवटा केलाय.' ते येणारेत."

जिन्यावर पावलं वाजत होतीच. दारात मुलीची आई उभी राहिली आणि तिच्या दंडाला धरून एक म्हातारे गृहस्थ. तोंड डाव्या कानाकडे ओढलेलं.

"दुखण्यानंतर आज पहिल्यांदा बाहेर पडले," आई म्हणाली. "कोणाला तोंड दाखवत नव्हते."

मुलीने दोन्ही हातांनी मुखवटा झाकला.

बाईंनी तो खाली उतरवला. थराच्या कडेखाली नख घातलं. खळ अजून ओली होती.

"हळू हं, बाई."

थर सुटत आला. खाली वाकडं तोंड जसंच्या तसं होतं, फक्त ओठांचा लाल रंग थोडा निघाला होता.

"बाई, पालक आलेत! हे काय मांडलंय?" मोठ्या बाई दारातून कडाडल्या.

आजोबा जवळ आले. त्यांनी मुखवट्याच्या ओठांवरून बोट फिरवलं, मग स्वतःच्या.

"मीच आहे की," ते म्हणाले. शब्द एका कोपऱ्यातूनच आले, हसूही तिथूनच आलं.

चित्रकलेच्या बाईंना रडू आवरेना, पण रडत बसायला वेळ नव्हता. पालक वर्गात शिरत होते. बाईंनी घाईघाईने शेजारचा नकट्या आईचा मुखवटा उतरवला. नाकावरचा थर वाळायला लागला होता.