माशाचं डोकं पुढं

“मास्तर, आहे तिथंच थांब! मागचं चाक निघालंय!”

शिंप्यानं असा करकचून ब्रेक मारला की स्कूटरच्या हँडलला अडकवलेली कापडाची पिशवी उडून गटाराच्या काठावर पडली. उतरून त्यानं चाक हलवून पाहिलं, मग लाथ घालून पाहिलं. चाक जिथल्या तिथं. समोर गॅरेजच्या दारात मिस्त्री पोट धरून हसत होता.

“बावीस वर्षं झाली,” शिंपी पिशवी झटकत म्हणाला. “बावीस वर्षं मी फसतोय. लाज मला वाटायला पाहिजे का तुला?”

“निम्मी निम्मी वाटून घेऊ.”

एरवी एवढ्या भांडवलावर मिस्त्रीचा दिवस खुशीत गेला असता. आज हसू दारातच विरलं. सकाळपासून त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. पाने आकारानं ओळीत लावून झाले, ओळ मोडून झाली, परत लावून झाली. टेबलाचा एकच कोपरा त्यानं तीनदा पुसला.

“लेक निघाली वाटतं,” शिंपी म्हणाला.

“निघाली. आठ वाजता.”

लेक नर्स झाली होती. घाटापलीकडच्या शहरातल्या इस्पितळात तिला नोकरी लागली होती आणि आज पहिल्यांदा ती सामानसुमान बांधून, बापानं नटबोल्टागणिक नवी केलेली मोटारसायकल घेऊन गेली होती. काल दुपारीच त्यानं गाडीला नवी चेन टाकली होती. चेनची दोन टोकं जोडायला जी कडी लागते, तिला गॅरेजात सगळे ‘लॉक’ म्हणतात. त्या लॉकवरून बापलेकीची जुंपली होती.

“बाबा, रिबिटवालं लावा. घाट आहे.”

“रिबिट मोठ्या गाड्यांना. तुझं इंजिन ते केवढं! क्लिपचं लॉक पुरे. चारशे अठ्ठावीस नंबरच्या चेनला त्याच नंबरचं, त्याच कंपनीचं, पेटीतनं आत्ता काढलेलं. आणखी काय हवं?”

“निघालं तर?”

“लावणारा कोण आहे! आणि ऐक, रिबिट एकदा ठोकलं की ठोकलं, कापल्याशिवाय सुटत नाही. क्लिप म्हणजे माहेरच्या दाराची कडी. वाटलं की उघडली.”

“मी नोकरीला चाललेय बाबा, सासरी नाही.”

“माझ्या दृष्टीनं गाव तेवढंच लांब.”

हे बोलून मिस्त्रीनं चटकन मान खाली घातली होती आणि क्लिप बसवली होती. टक्, आवाज चोख आला. तीस वर्षं तो त्या आवाजावर जगला होता.

आता दारात दूधवाल्याची गाडी आली. चेन तुटलेली, माणूस घामाघूम, गाडी ढकलत आणलेली. काम मिळाल्यावर मिस्त्रीला हायसं वाटलं. त्यानं जुनी चेन काढली, नवी ओढून घेतली, लॉकच्या दोन पिना आरपार घातल्या, वरनं पट्टी बसवली, पट्टीवर क्लिप. नखाएवढी पत्र्याची क्लिप, हुबेहूब मासा. एका बाजूला बंद डोकं, दुसऱ्या बाजूला फाटलेली शेपूट. टक्.

दूधवाला वाकून बघत होता. “मिस्त्री, हा मासा उलटा पोहतोय की.”

“कोण?”

“तुम्हीच तर शिकवलंत, चेन पळते तिकडं माशाचं डोकं. शेपूट पुढं राहिली तर काहीतरी अडकतं, क्लिप उडते, लॉक सुटतं.”

“माझी फिरकी माझ्यावरच?” मिस्त्री खदखदला. “अरे, या गल्लीत फिरक्या घ्यायचं लायसन मी वाटतो!”

“देवाशप्पथ. बघा ना.”

मिस्त्रीनं डोळे बारीक केले. क्लिप जवळ आणली तर धुरकट, लांब नेली तर नुसता ठिपका. मग तो दोन ढांगांत शेजारच्या दुकानात गेला, शिंप्याच्या नाकावरचा चष्मा काढला आणि येऊन उकिडवा बसला.

शेपूट पुढं होती.

दूधवाल्याच्या गाडीचं काय, ती दारात उभी होती. पण कालही हेच हात होते. हेच डोळे, हाच टक्.

लॉक घाटात सुटलं तर चेन गुंडाळी होऊन पुढच्या चक्राच्या दात्यांत अडकते. चाक जाम होतं. उतारावर, वळणावर. बाकीचं मिस्त्रीला कुणी सांगायला नको होतं. अशा गाड्या टेम्पोतून त्याच्याच दारात यायच्या.

त्यानं फोन लावला. लेकीनं उचलला.

“कुठं आहेस?”

“घाटाखालच्या पंपावर. टँकर रिकामा होतोय, अर्धा तास थांबा म्हणतात.”

“गाडी चालू करू नको! तुझं चेनचं लॉक…”

पलीकडं ती मनमुराद हसली. “मागच्या महिन्यात ब्रेकची तार, त्याच्याआधी हेडलाइट. आज चेन का? बाबा, मी पोचले की फोन करते.” कट.

परत लावला. कट. परत लावला. कट.

“मास्तर, किल्ली दे!”

“माझा चष्मा दे आधी! काजं करायचीत.”

“लेकीच्या गाडीचं लॉक उलटं लागलंय!”

शिंपी त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. “हीपण गंमतच ना?”

मिस्त्रीनं हात पुढं केला. बावीस वर्षांत तो पहिल्यांदाच गप्प उभा होता. शिंप्यानं किल्ली त्याच्या हातात ठेवली.

स्कूटर पंचेचाळीसच्या वर जाईना. मिस्त्री तिच्या मिनतवाऱ्या करत होता, मग शिव्या देत होता, मग पुन्हा मिनतवाऱ्या. जवळचा चष्मा नाकावर असल्यानं लांबचा रस्ता लाटांसारखा हलत होता. रस्त्यात टायरची पट्टी दिसली तरी त्याला चेन वाटायची. वाटेत एकजण ओरडला, “काका, स्टँड खाली आहे!” मिस्त्रीनं बघितलंच नाही. असली वाक्यं त्यानं जन्मभर लोकांना ऐकवली होती. स्टँड मात्र खरंच खाली होता. पुढच्या वळणावर खर्रकन घासला आणि तो पडता पडता वाचला.

पंपावर टँकर निघत होता. रांग हलली होती. लेक हेल्मेट डोक्यावर चढवत होती.

मिस्त्रीनं स्कूटर टाकली तशीच, धावत जाऊन गाडीची किल्ली काढून घेतली आणि मागच्या चाकाशी गुडघे टेकले.

“बाबा! अहो, इथपर्यंत? गमतीसाठी?”

तो चाक हळूहळू फिरवत होता. काळी कडी, काळी कडी, काळी कडी. मग लॉक आलं.

माशाचं डोकं पुढं होतं. आणि डोक्यावर लाल ठिपका होता, नेलपॉलिशचा.

मिस्त्री तसाच बसून राहिला. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न मारला. लेकीनं गाडी बाजूला घेतली आणि त्याच्या शेजारी उकिडवी बसली.

“काल संध्याकाळी सरळ करून खूण केली,” ती म्हणाली.

“बोलली नाहीस.”

“इतक्या हौसेनं लावलं होतंत.”

“एवढीच उलटी होती?”

“बाबा, मी रोज संध्याकाळी गॅरेज झाडायला यायची, ती काय कचऱ्याच्या प्रेमापोटी?”

“किती दिवस?”

“सहा महिने. सगळ्या नाही हो उलट्या. दहातली एखादी.”

सहा महिने. त्याला वाटायचं, पोरगी जाणार म्हणून बापाजवळ घोटाळते. झाडू कोपऱ्यात, ही गाड्यांपाशी बसलेली. तो तिला ‘कचराशेठ’ म्हणून चिडवायचा.

“रिबिट मारून देतो,” तो म्हणाला. “हत्यार घेऊन येतो. तासभर थांब.”

“नको. असू द्या क्लिपच.” तिनं त्याच्या हातातून किल्ली घेतली. “वाटलं की उघडता येते.”

जाताना तिनं हात केला. मिस्त्रीच्या ओठांवर सवयीनं आलं होतं, अगं चाक! त्यानं ते गिळलं. गाडी पहिल्या वळणावर दिसेनाशी झाली तरी तो चेनचा आवाज ऐकत उभा होता. आवाज चोख होता.

दूधवाला गॅरेजात चुळबुळत बसला होता. मिस्त्रीनं क्लिप काढली, नवी घेतली, चष्म्यातून निरखून बसवली. मग शेजारी हाक दिली.

“मास्तर, जरा ये. मासा कुठं बघतोय ते सांग.”

“मी नाही यायचा. वाकलो की मागनं पाणी ओतशील.”

“नाही ओतत.”

शिंपी आला तो भिंतीला पाठ लावून, बिचकत बिचकत. मिस्त्रीनं चष्मा काढून त्याच्या हातात दिला. शिंपी वाकला. एकदा मागं वळून पाहिलं, पुन्हा वाकला, बोटानं क्लिप चाचपली.

“पुढं,” तो म्हणाला.

“नक्की?”

“नक्की. उद्या येऊ का?”

“ये. रोजच ये.”

दूधवाला गेला. मिस्त्रीनं हात पुसले, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि झाडायला लागला. जमीन कालच झाडलेली होती, कचरा काही निघेना. तरी तो कोपऱ्यापासून दारापर्यंत झाडत राहिला, दर गाडीपाशी थोडा थांबत.